कप पुसायला थांबा

रविवारी दुपारचे चार वाजले की मी अजूनही पायात चपला घालतो आणि मग कुठे जायचंय ते आठवत नाही. बदली होऊन या गावात आलो त्याला आता वर्ष होत आलं. बायको आतून विचारते, "निघालात का लढाईला? येताना कोथिंबीर आणा." मी जातो, कोथिंबीर आणतो. इथल्या बाजारात मला कुणी शूर समजत नाही. नाशिकला समजत असत. म्हणजे चारच माणसं, आणि तीही कुंदाताईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली असेपर्यंतच. पण समजत असत.

कुंदाताई देवरे आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे पद कुणालाच नको असतं म्हणून माझ्याकडे आलं होतं. दर रविवारी दुपारी आमच्या छतातून कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडायचं, "कोन शे रे तथा?" आणि मग तीन-चार जण एकदम आरडाओरडा करायचे. दोन-तीन रविवार मी उशी कानावर घेऊन काढले. शेवटी बायको म्हणाली, "सेक्रेटरी आहात ना? मग वर जाऊन बघा तरी."

मी आवाजाच्या त्रासाबद्दलची दोन सभ्य वाक्यं जिन्यात पाठ करत गेलो. दार एका ठेंगण्या बाईंनी उघडलं. सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, चष्मा साखळीला लटकलेला.

"या. तलवार चालवता येते का?"

"मी खालचा शिरसाठ. सेक्रेटरी."

"ते माहीत आहे हो. तलवारीचं विचारलं. आमचा एक माणूस आज आला नाही आणि पुलावर राक्षस उभा आहे."

सटाण्याकडचं माहेर असलेल्या बाईंच्या घरचा राक्षस 'कोण आहे रे तिकडे?' हे अहिराणीतच विचारणार, हे ओघानेच आलं. मी आत जाऊन बसलो तो पुढची पाच वर्षं रविवारी तिथेच बसलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना, म्हणजे माझ्या बायकोला, मी तो असा समजावला होता: एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "तुम्ही राक्षस मारता?" मी हो म्हटलं. "मग बाथरूममध्ये कालपासून झुरळ आहे, ते आधी बघा."

गोष्ट कुंदाताई सांगायच्या. त्यांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. चिडलेला डीलर, रडणारी कामगाराची बायको, इंग्रजीतून गुरगुरणारा मोठा साहेब, सगळ्यांचे आवाज कानात साठले होते, आणि रविवारी ते राजा, पुजारी, भूत, घोडा असे बाहेर यायचे. घोडासुद्धा मोठ्या साहेबासारखा फुरफुरायचा.

पण कुंदाताई आठवतात त्या आवाजांमुळे नाही. आम्हाला सांभाळलं म्हणून आठवतात. आम्ही सांभाळायला अवघड माणसं होतो. सगळेच.

दाणी वकील निफाडचे. हंगामात द्राक्षांची पेटी घेऊन यायचे आणि बाकी वर्षभर नियम. खेळाचं जाड पुस्तक त्यांनी कायद्यासारखं वाचून काढलं होतं. एकदा चिलखत घातलेल्या माणसाला पोहता येतं का, यावर त्यांनी असं काही भाषण सुरू केलं की नदीत पडलेला माझा योद्धा तेवढ्या वेळात दोनदा बुडून वर आला असता. आम्ही जांभया देत होतो. कुंदाताई मान हलवत ऐकत होत्या. ते पूर्ण थांबल्यावर म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं. आज मी म्हणते तसं चालू द्या. खेळ झाल्यावर कप पुसायला थांबा."

"कप पुसायला थांबा" ही त्या टेबलावरची समजून घ्यायची भाषा होती. खेळ संपला की कुंदाताई चहाचे कप विसळायच्या आणि ज्याचं काही चुकलंय तो फडकं घेऊन शेजारी उभा राहायचा. टेबलावर, चार लोकांत, त्या कुणालाही एक शब्द बोलल्या नाहीत. जे व्हायचं ते ओट्यापाशी. आणि तिथेही त्या फारसं बोलायच्या नाहीत. कप द्यायच्या आणि विचारायच्या, "काय झालं?" मग माणूस आपोआप बोलायचा. वकील त्या दिवशी बाहेर आले ते हातात फडकं तसंच घेऊन. मला म्हणाले, "अहो, कोर्टात कुणी पूर्ण ऐकूनच घेत नाही हो." पुढच्या वेळी वाद घालण्याआधी ते स्वतःच घड्याळाकडे बघायला लागले. वाद घालायचेच, पण जरा आटोपशीर.

मीही कप पुसले आहेत. माझा गुन्हा असा की दुसऱ्याची पाळी असली तरी सल्ला मीच द्यायचो. "सोनल, तू झाडावर चढ." "ऋषी, डावीकडून जा." माझा स्वतःचा योद्धा मात्र गुहेत शिरण्याआधी मागचं दार आहे का विचारायचा. कुंदाताईंनी कप दिला आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या मुलीच्या परीक्षेचं काय झालं?" मी सुरू झालो. परीक्षा, क्लास, तिचा स्वभाव, माझा स्वभाव, माझ्या वडिलांचा स्वभाव. सगळे कप संपले. मग त्या म्हणाल्या, "बघा, मी एकदा तरी मध्ये बोलले का?" बस. एवढंच. मी घरी जायला निघालो, विचारात एक मजला जास्त उतरलो आणि परत वर चढलो.

ऋषीचं प्रकरण जरा मोठं होतं. ऋषी चांदवडचा, अंबडला एका कंपनीत रात्रपाळी-दिवसपाळी करणारा, खोली घेऊन एकटा राहणारा पोरगा. खेळात तो चोर होता आणि आमचंच चोरायचा. वकिलांची दोरी गेली, माझी ढाल गेली. एकदा ऐन लढाईत सोनलने पिशवीत हात घातला तर जखमेवरचं औषध नाही. ऋषी हसत होता. "माझं कॅरेक्टरच तसं हाय, मी काय करू?"

सोनल आमच्यातली न बोलणारी. मागच्या गल्लीत ब्लाउज शिवायचं दुकान चालवायची. घरी तिने रविवारची भिशी आहे असं सांगितलं होतं, कारण 'मी धनुष्यबाण घेऊन जंगलात जाते' हे नवऱ्याला कसं सांगणार? ती आली की कोपऱ्यातली खुर्ची धरायची. कुंदाताईंनी तिला कधीही "बोल ना गं" म्हटलं नाही. मध्येच सगळ्यांना हाताने थांबवायच्या आणि विचारायच्या, "सोनल, तुला इथून काय दिसतंय?" आणि मग वाट बघायच्या. ती वाट बघणं इतकं निवांत असायचं की वकीलसुद्धा गप्प बसायचे. सोनल हळूच म्हणायची, "खिडकीत दिवा आहे." आणि त्या दिव्यावरून पुढची गोष्ट जायची.

तर त्या सोनलचं औषध चोरलं आणि तिचे डोळे भरले. मी तापलो. कुंदाताईंना बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, सरळ त्याच्या डोक्यावर दरड कोसळवा. मेला की सुधारेल."

"भाऊ, दरड खेळातल्या चोराच्या डोक्यावर पडेल," त्या म्हणाल्या. "तुमचा राग तर खुर्चीवर बसलेल्या पोरावर आहे."

त्या दिवशी माझी छत्री स्वयंपाकघराच्या दाराशी राहिली होती. ती घ्यायला मी गेलो आणि मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. (छत्री घ्यायला इतका वेळ लागत नाही, हे बायकोने नंतर दाखवून दिलं.) ऋषी कप पुसता पुसता सांगत होता, "कंपनीत कुणी नावानं बी हाक मारत नाय काकू. ए, इकडं ये. ए, ते उचल. इथं चोरी केली की सगळे कसे माझ्याकडं बघतात."

"शिव्या देत बघतात रे."

"पण बघतात ना!"

कुंदाताईंनी पुढचा कप विसळला. "मग चोरायचंच तर ज्याच्याकडून सगळ्यांना काहीतरी हवंय त्याच्याकडून चोर की. तरी बघतीलच."

पुढच्या रविवारी ऋषीने किल्लेदाराच्या कमरेची किल्ली उडवली आणि आम्ही अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडलो. सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे दुसऱ्या दिवशी दोन तक्रारी आल्या. मी त्या गंभीरपणे स्वीकारल्या.

"कुणाला काढून टाकावंसं वाटलं नाही का कधी?" मी एकदा विचारलं होतं.

"ऑपरेटरने लाइन कापायची नसते," त्या म्हणाल्या. "समोरचा ठेवेल तेव्हा ठेवेल."

हा खेळ त्यांच्याकडे आला तो मंदारमुळे. मंदार त्यांचा मुलगा, एकुलता एक. कॉलेजात असताना त्याचं टोळकं शनिवार-रविवार त्याच्या खोलीत हा खेळ खेळायचं. कुंदाताई पोह्यांच्या बशा घेऊन जायच्या, दार अर्धं उघडायचं, बशा आत जायच्या. "आई, दार ओढून घे." आतून हसण्याचा गडगडाट ऐकू यायचा. मंदारचे वडील त्याआधीच वारले होते. घरात तेवढंच हसणं होतं, आणि ते दाराच्या पलीकडे. मग तो कॅनडाला गेला. तिकडेच लग्न केलं, घर घेतलं. रिटायर झाल्यावर एका दुपारी कुंदाताईंनी पलंगाखालचा खोका ओढला. फासे, नकाशे, पुस्तकं. डिक्शनरी घेऊन बसल्या. मला म्हणाल्या होत्या, "म्हटलं, फोनवर त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय होईल."

तो विषय कसा व्हायचा ते मी एकदा पाहिलं. खेळ संपला होता आणि मी रेंगाळलो होतो. त्यांनी फोन लावला. "मंदार, आज आमच्या लोकांनी पूल ओलांडला बरं का! वकीलसाहेबांनी तर काय केलं..." फोनमधून आवाज आला, "हो का? छान. आई, जरा कामात आहे, नंतर करतो." कुंदाताईंनी फोन ओट्यावर ठेवला. पदराने त्याची काच पुसली.

"लाइन एकदम स्वच्छ होती आज," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात मंदार यायचा होता, बऱ्याच वर्षांनी आणि एकटाच, थोड्या दिवसांसाठी. कुंदाताईंना त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्याने एक रविवार आमच्याबरोबर खेळावं. त्यांनी तसं कुणाला म्हटलं नाही, पण फासे जुन्या ब्रशने घासून काढले, टेबलाला नवीन कापड आलं, आणि आम्हाला प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यात आलं की या रविवारी चुकवू नका. मला तर दोनदा. वकिलांना म्हणे सांगितलं की नियम जरा जपून.

मंदार चांगला मुलगा होता. उंच, थोडं पोट सुटलेला, सगळ्यांसाठी चॉकलेटं आणलेली. बसला. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने आईला चार वेळा दुरुस्त केलं. "आई, हा नियम कधीच बदलला." "आई, असं नसतं गं, आधी फासा." त्यात तुसडेपणा नव्हता. ज्याला येतं त्याला राहवत नाही, तसं होतं ते. मी सल्ले देतो तसंच, फक्त त्याचे बरोबर होते. आम्ही सगळे टेबलाकडे बघत होतो. ऋषीने मला ढोपराने हळूच ढोसलं. कप पुसायला थांबायचं वाक्य आता येणार, असं आम्हाला वाटलं.

ते आलं नाही. मंदारच म्हणाला, "आई, एक काम करू. तू इकडे ये, तू खेळ. मी चालवतो. बघ तरी मजा."

कुंदाताई इतक्या चटकन उठल्या की अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली.

आणि काय सांगू, त्याने खेळ फारच सुंदर चालवला. नदी आली, नदीवर धुकं आलं. वकील पुस्तक मिटून बसले. धुक्यातून एक नाव आली आणि नावेत एक म्हातारा नावाडी. मंदारने मान खाली घातली, आवाज खोल नेला. "कुठे जायचंय?"

"पलीकडे," वकील म्हणाले. "लवकर चला."

"थांबा हो वकीलसाहेब," कुंदाताई म्हणाल्या. खेळात त्या जखमा बऱ्या करणारी वैद्यीण झाल्या होत्या. नावाड्याकडे, म्हणजे मंदारकडे, वळल्या. "बाबा, तुम्ही जेवलात का?"

मंदार हसला. "जेवलो."

"काय जेवलात?"

"मासे. नदीवर दुसरं काय मिळणार?"

"स्वतःच करता?"

"कधी करतो. कधी नुसतंच काहीतरी खातो."

"एकटेच असता इथे?"

"प्रवासी येतात की."

"ते उतरून जातात. मग?"

"मग नाव परत आणायची."

ऋषी चुळबुळला. "काकू, माझी पाळी कधीची आलीय."

"हो रे, एकच विचारते." त्या टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकल्या होत्या. इतक्या वर्षांत दुसऱ्याची पाळी खाणारं माणूस त्यांनी कितीदा हळूच थांबवलं होतं. आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. "थंडीत कसं करता? पायाला काही घालता का? तुमचे गुडघे दुखायचे लहानपणी..."

नावाड्याचं लहानपण त्यांना कुठून माहीत असणार? मंदारने समोरच्या कागदावर एक रेघ ओढली, तिच्यावरून पुन्हा ओढली. मग त्याच खोल आवाजात म्हणाला, "आता नाही दुखत."

"आणि करमतं का?"

"काम असतं," नावाडी म्हणाला. "करमतंय की नाही ते बघायला वेळच मिळत नाही." आणि मग मंदारचा आवाज मंदारचा झाला. "आई, पुढे जाऊ या का? सगळे थांबलेत."

"हो, हो. चला. चला ना. ऋषी, तू घे तुझी पाळी."

अंधार पडायच्या आत खेळ थांबवला, मंदारला मित्रांकडे जायचं होतं. आम्ही खुर्च्या सरकवल्या तेव्हा कुंदाताई कप गोळा करत होत्या. "आज कप पुसायला मीच थांबायला हवं," असं म्हणाल्या आणि हसल्या. मी फडकं घेतलं. कुणीतरी घ्यायलाच हवं होतं.

मला त्यांच्यासारखं "काय झालं?" विचारता येत नाही. मी विचारलं, "हा कप कुठे ठेवू?"

"तिथेच. भाऊ, तुमच्या सगळ्यांची पाळी खाल्ली मी आज. कळत होतं मला."

"छे, छे."

"फोनवर दोन प्रश्नांच्या पुढे जाता येत नाही. तो तरी काय करेल, तिकडे तेव्हा सकाळ असते." त्यांनी नळ बंद केला. "नावाड्याला मात्र उत्तर द्यावंच लागतं ना. नियमच आहे तसा."

आतून मंदारने विचारलं, "आई, माझा चार्जर बघितलास का?" आणि त्या हात पुसत लगबगीने आत गेल्या.

मंदार त्याच आठवड्यात परत गेला. माझ्या बदलीची ऑर्डरही तेव्हाच आली. सामान बांधायच्या गडबडीत मी एक रविवार शेवटचा म्हणून वर गेलो. कुंदाताई परत त्यांच्या जागी बसल्या होत्या. गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच सुरू करायची होती. नदी, धुकं, आणि आम्ही काठावर.

"तुम्ही काठावर उभे आहात," त्या म्हणाल्या. "पाणी थंड आहे. आता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वकिलांनी पुस्तक चाळलं. ऋषी फासा उगाच फिरवत राहिला. आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून, कुणीही न विचारता, सोनल बोलली.

"मी नावाड्याला विचारते. बाबा, आज जेवलात का?"

तिने ते मायेने विचारलं होतं. तिला वाटलं असावं, त्या गप्पा ताईंना आवडल्या होत्या, तर पुन्हा होऊ देत. कुंदाताईंनी तोंड उघडलं. ज्यांच्याकडे भुताचा आवाज होता, घोड्याचा होता, पुलावरच्या राक्षसाचा होता, त्या बाई नावाड्याचा आवाज शोधत होत्या. आम्हाला दिसत होतं शोधताना. खालून आमच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"नावाडी इथे नाही," त्या शेवटी म्हणाल्या, स्वतःच्याच आवाजात. "नाव आहे, काठाला बांधलेली. वल्ही आत आहेत."

मागच्या वेळी नावाडी नावेतच होता. हे वकिलांना माहीत होतं, त्यांच्या हाताखाली पुस्तक होतं, आणि असा मुद्दा त्यांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग मी एक वल्हं घेतो," ते म्हणाले.

"दुसरं माझ्याकडं द्या," ऋषी म्हणाला.

मला, म्हणजे माझ्या योद्ध्याला, पाण्याची भीती वाटते. मी नावेत बसलो, मधोमध, आणि कुणालाही सल्ला दिला नाही. सोनलने दोर सोडला. कुंदाताई आमच्याकडे एकेक करून बघत होत्या, आम्ही नीट बसलो की नाही ते बघितल्यासारखं. मग त्यांनी वीस बाजूंचा फासा उचलून ऋषीच्या हातात दिला आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

"सांभाळून," त्या म्हणाल्या. "मधे धार आहे."